इथे थांबायचं

२ सप्टेंबर २०२४
शाळा, दुपारची सुट्टी

आदरणीय हुस्नबानू बाई,

सलाम. तुमची तब्येत बरी असेल, गुडघे फार छळत नसतील अशी आशा करते. इकडे आम्ही ठीक. ठीक म्हणजे काय, उभे आहोत.

अकरा वर्षांनी हे अक्षर पाहून तुम्ही पाकीट उघडावं की नाही याचा विचार केला असेल. पत्र हफ्साच्या हाती देते आहे. तुमची भाची रोज फेरीबोटीने दिघीच्या दवाखान्यात नोकरीला येते, हे मला मागच्या महिन्यात कळलं. लसीकरणासाठी ती शाळेत आली होती. नाकाची ठेवण अगदी तुमची, म्हणून मीच विचारलं. तिने तुमचा फोन नंबरही दिला. पण फोनवर तुमचा आवाज ऐकला की मी शाळेच्या गळक्या पत्र्याबद्दल बोलत बसेन आणि पाच मिनिटांनी "बरं, ठेवते" म्हणेन. माझं मला माहीत आहे. म्हणून पत्र.

काम असं आहे. ३१ जानेवारीला मी निवृत्त होते आहे. तुमची निळी ट्रंक अजून ऑफिसातल्या कपाटामागे आहे. शुक्रवारी बदलीचा कागद आला आणि सोमवारी तुम्हाला डोंगरातल्या त्या शाळेवर हजर व्हायचं होतं, तेव्हा दोन एसट्या बदलून ट्रंक नेणार कशी? "नंतर नेईन" म्हणालात. नंतर काही तुम्ही आला नाहीत. आत सगळी तुमची मुलांची पुस्तकं. मी गेल्यावर इथे कोण येईल, येईल की नाही, कोणास ठाऊक. तुमची जागा गेली ती पुन्हा भरलीच नाही, पहिली ते चौथी मिळून सतरा मुलं आणि मी एकटी. तेव्हा विचारते, ट्रंक तुमच्याकडे पाठवू का?

ती उघडली होती, हेही सांगायला हवं. वरून आदेश आला की लहान मुलांना गणित गोष्टीच्या पुस्तकांतून शिकवा, आणि शिकवल्याचे फोटो पाठवा. वाचून मी आधी हसले. मग ट्रंक पुढे ओढली. कुलूप गंजलेलं होतं, दगडाने तोडावं लागलं. नवीन घेऊन देईन.

पहिलंच हाताला लागलं ते "खेकड्याचे जोडे". आठवतं ना, तो खेकडा दुकानात जोडे घ्यायला जातो आणि दुकानदार पाय मोजता मोजता दमतो? मी ते सहा मिनिटांत वाचून संपवलं आणि फळ्यावर लिहिलं, एका खेकड्याला दहा पाय, तर चार खेकड्यांना किती? दोघांनी चाळीस म्हटलं. बाकीची खिडकीतून बाहेर बघत होती. मनात म्हटलं, बघा, मी म्हणत नव्हते? गोष्टीने काही होत नसतं.

संध्याकाळी पुस्तक ठेवताना तुमच्या पेन्सिलच्या खुणा दिसल्या. पान चारच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात, "इथे थांबायचं. उत्तर आपण सांगायचं नाही. भांडू द्यावं."

दुसऱ्या दिवशी थांबले. बाई, तुम्हाला काय सांगू. हुझैफा म्हणून तिसरीतला एक आहे, तो उभा राहून म्हणाला, "नांग्यांना जोडे कशाला? ते हात हायेत त्याचे." गणराज म्हणाला, "हात न्हाय, पायच." मग तिसरा उठला, "आमच्या बापानं काल आणला त्याला एकच नांगी व्हती. त्याचं काय?" झालं. आठ पाय धरले तर चार जोड, दहा धरले तर पाच. आणि एक नांगी तुटलेल्याला नऊ, पण दुकानदार सुटा जोडा देत नाही, म्हणून घ्यायचे पाचच जोड आणि एक जोडा उरायचा. हे सगळं त्यांनी आपापसात काढलं. उरलेला जोडा कोणाला द्यायचा यावरून हाणामारीची वेळ आली. सम-विषम शिकवायला मी पंधरा दिवस घेते, आणि तरी परीक्षेत निम्मी चुकतात.

तीस वर्षं पाढे घोकून घेतले. खूप दमायला झालं त्या दिवशी, का ते कळेना.

तुमचे यजमान हमीदभाई गेले तेव्हा यायचं होतं. मला ताप होता. तुम्हाला निरोप मिळाला असेल.

ट्रंकेचं कळवा.

आपली,
सौ. सुचिता
मुख्याध्यापिका
(हे लिहायची सवय लागली आहे, राग मानू नका.)


१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय हुस्नबानू बाई,

सलाम. दिवाळीची सुट्टी संपली, आज शाळा उघडली. फराळाचा डबा हफ्साजवळ दिला होता, चकल्या मऊ पडल्या असतील तर दोष खाडीच्या हवेला द्या.

तुमचा निरोप हफ्साने दिला. "खाला म्हणाली, ट्रंक ओलीत ठेवू नका, पुस्तकांत कडुनिंबाचा पाला घाला." मी विचारलं, आणखी काही? ती म्हणाली, न्हाय, एवढंच. पाला घातला. ट्रंक परत हवी की नको ते तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मी वापरते आहे. चौदा पुस्तकं झाली. तुम्ही थांबा म्हटलंत तिथे थांबते, पुढे चला म्हटलंत तिथे चालते. या वयात कोणी सांगेल तसं वागण्यात आराम असतो.

एका मुलीबद्दल सांगायचं आहे. तेजस्वी. दुसरीत आहे, आतल्या वाडीवरची, घरी भातशेती. मागचं वर्षभर गणिताच्या तासाला तिने तोंड उघडलं नव्हतं. मराठीला चुरूचुरू बोलते, कविता म्हणते, आणि गणिताची वही काढा म्हटलं की मुकी. मी तिच्या आईला सांगितलं, डोक्याने कमी आहे, डॉक्टरला दाखवा. असं सरळ म्हटलं मी.

सप्टेंबरात खेकड्यावरून तिसऱ्यांदा भांडण झालं तेव्हा ती उठली, माझ्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं आणि चित्रातल्या एकेका पायावर बोट ठेवून मोजायला लागली. "लाभ, दोन, तीन, चार..." दहापर्यंत, खणखणीत.

मला एकदम आठवलं. पहिलीत आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने असंच "लाभ" म्हणून मोजायला सुरुवात केली होती आणि मी टेबलावर पट्टी आपटली होती. एक म्हण! एक म्हणता येत नाही? सगळा वर्ग हसला होता. ते तिच्या लक्षात राहिलं, माझ्या नाही.

तिची आजी कोकिळाबाई सुट्टीआधी शाळेत आली. म्हणाली, "पोरगी आता घरात मोठ्यानं मोजते बाई. वरीसभर गप व्हती." मग मला समजवायला लागली, जणू मी परदेशातून आले आहे. "भात मापायला घेतलं का पयल्या मापाला एक म्हणायचं न्हाय. लाभ म्हणायचं. एक म्हटलं का घरात एकच रवतं. तिला मीच शिकवलंय, तिची चूक न्हाय." माझ्या माहेरी माझी आईसुद्धा असंच मापायची, बाई. मी हे कोकिळाबाईला सांगितलं नाही.

आणि तेजस्वी बसली तसा हुझैफा उठला. तो म्हणाला, आता मी. "बरकत, दोन, तीन..." त्याच्याकडे सुकट मापताना तसं म्हणतात. दोघांचं उत्तर दहाच आलं. मुलांना त्यात काहीच नवल वाटलं नाही.

मला मात्र त्यानंतर तास घेता आला नाही. चित्रं काढा म्हटलं आणि खुर्चीवर बसून राहिले.

दुसरी बातमी. आमचे केंद्रप्रमुख काळूराम सर एकदा अचानक आले, खेकड्याचा तास त्यांनी मागे उभं राहून पाहिला, आणि मोबाईलवर शूटिंग केलं. मग शिक्षण परिषदेत मला दाखवायला लावलं. पंधरा शाळांचे शिक्षक होते. सर म्हणाले, निवृत्तीला आलेल्या सुचिताबाईंचा हा उपक्रम बघा, तरुणांनी लाजावं. टाळ्या वगैरे झाल्या. एक तरुण शिक्षिका पुस्तक चाळत म्हणाली, मॅडम, या पेन्सिलच्या खुणा फार छान आहेत, कोणाच्या?

मी म्हटलं, जुन्याच आहेत.

तुमचं नाव घ्यायचं राहून गेलं. घाईत होते, चहा आला होता.

बाकी ठीक. पत्रा अजून गळतोच. तब्येतीला जपा.

तुमची,
सुचिता


१२ जानेवारी २०२५
रविवार

हुस्नबानू बाई,

यावेळी हफ्साने काही निरोप आणला नाही. मी विचारलंही नाही. फक्त एवढं म्हणाली की खालाने तुमची दोन्ही पत्रं उशीखाली ठेवली आहेत. तेवढ्यावर हे लिहायला बसले. आज घरात कोणी नाही, संध्याकाळपर्यंत वेळ आहे, आणि टाळायला एकही काम उरलेलं नाही.

आधी खोटं निस्तरते. तुमचं नाव घ्यायचं राहून गेलं नव्हतं. मी घेतलं नाही. चहा नंतर आला.

हमीदभाई गेले तेव्हा मला ताप नव्हता. मी तयार होऊन, डोक्यावर पदर घेऊन दिघीच्या धक्क्यापर्यंत आले होते. फेरी लागलेली होती. चढले नाही. लोक विचारत होते, बाई, येताय ना? मी म्हटलं, कोणाची तरी वाट बघते. फेरी सुटली, आणि मी बाजारातून भाजी घेऊन घरी गेले.

का चढले नाही ते तुम्हाला माहीत असेलही. तुम्ही हुशार आहात, आणि बदलीचा कागद कसा आला हे विचारायला तुम्ही कधी आला नाहीत, यावरून मला नेहमी वाटत आलं की तुम्हाला माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि मी सांगणं वेगळं.

त्या वर्षी तपासणीत दुसरीचा निकाल पडला. दुसरी तुमच्याकडे होती. मुख्याध्यापिका म्हणून खुलासा माझ्याकडे मागितला. मी घाबरले. घाबरले हे खरं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं की मुलं तुमच्या वर्गात आधी जाऊन बसायची. माझ्या वर्गातली मुलं खिडकीला नाक लावून तुमची गोष्ट ऐकायची आणि मी पाढे म्हणून घ्यायची. बावीसच्या पाढ्याला तुमच्या वर्गातून हसण्याचा आवाज यायचा. फार लागायचं मला ते. मी कोणाला सांगितलं नाही, यांनासुद्धा नाही.

मी लिहून दिलं की सौ. हुस्नबानू गणिताच्या तासाला गोष्टी वाचतात, मुलांना साधं एकपासून मोजता येत नाही. ती मुलं आदल्या वर्षी पहिलीत माझ्याकडे होती, हे लिहिलं नाही. इथपर्यंत असतं तर एखादी नोटीस आली असती आणि तुम्ही हसून उत्तर दिलं असतंत. पण कागद संपवताना मी आणखी एक वाक्य घातलं. ते मला तोंडपाठ आहे. "गणिताच्या तासाला मुलांकडून बरकत इत्यादी धार्मिक शब्द म्हणवून घेतले जातात, त्यामुळे पालकांत कुजबुज आहे."

कुजबुज नव्हती. एकाही पालकाने कधी काही म्हटलं नव्हतं. त्याच वर्गात निम्मी मुलं "लाभ" म्हणायची, ते मी लिहिलं नाही. तुम्ही कोणाकडून काही म्हणवून घेत नव्हतात, मुलं घरून जे घेऊन यायची ते तुम्ही चालू द्यायचात. मला हे सगळं माहीत होतं. चांगल्या अक्षरात लिहिलं. आणि त्या एका वाक्याने आठ दिवसांत काम झालं.

तुम्ही आठवडाभर डोंगरात राहायचात आणि हमीदभाई खाडीपलीकडे घरी अर्धांगाने पडून. दोन वर्षं. ते बुधवारी गेले आणि तुम्ही गुरुवारी दुपारी पोहोचलात, हे मला धक्क्यावर उभं असताना कोणीतरी सांगितलं. म्हणून चढले नाही. कोणत्या तोंडाने चढणार होते?

डिसेंबरात मी तालुक्याच्या ऑफिसात जाऊन आले. म्हटलं, अकरा वर्षांपूर्वीचा माझा एक खुलासा आहे, त्यातलं एक वाक्य खोटं आहे, ते मला मागे घ्यायचं आहे. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, ती फाईल आता कुठे सापडणार? आणि रिटायर व्हायला आलात, कशाला उकरून काढता?" मी तरी नवीन कागद लिहून दिला. त्याने शिक्का मारला, कारण मी उठत नव्हते. त्याची प्रत सोबत जोडली आहे. त्याचा तुम्हाला आता काही उपयोग नाही, मला कळतं. पण तुमच्याकडे असावी.

परवाच्या शिक्षण परिषदेत मी तेच वाक्य मोठ्याने वाचलं. पंधरा शाळांचे शिक्षक. म्हटलं, या खुणा हुस्नबानू बाईंच्या आहेत, उपक्रम त्यांचा आहे, आणि मी त्यांचं हे असं केलं. मला वाटलं होतं कोणीतरी काहीतरी बोलेल, शिव्या देईल, उठून जाईल. एकाने पंखा वाढवला. काळूराम सर घसा खाकरून म्हणाले, "बरं, पुढचा विषय, परसबाग." परसबागेवर पाऊण तास चर्चा झाली. मी बसून होते. हलकं वगैरे काही वाटलं नाही, बाई. लोक म्हणतात बोलून टाकलं की बरं वाटतं. नाही वाटत. नुसता थकवा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

मुलांनाही सांगितलं. सगळं नाही, ती लहान आहेत. एवढंच की पुस्तकात पेन्सिलने लिहिणाऱ्या बाईंचं नाव हुस्नबानू, त्या याच वर्गात शिकवायच्या, आणि माझ्या चुकीमुळे त्यांना इथून जावं लागलं. हुझैफाने विचारलं, "मग तुम्ही सॉरी बोललात का?" मी म्हटलं, अजून नाही. तो म्हणाला, "मग बोला की." इतकं सोपं आहे त्याच्या दृष्टीने. माझं चुकलं, बाई. मला माफ करा असं लिहायची हिंमत होत नाही, म्हणून एवढंच लिहिते. माझं चुकलं.

आता शेवटचं, आणि हेच खरं काम.

ट्रंकेत एकच पुस्तक राहिलं आहे. "नऊ शेळ्या, एक होडी". होडीत एका वेळी दोनच शेळ्या मावतात, आणि सगळ्यांना खाडी ओलांडायची आहे. मी मागच्या आठवड्यात वाचायला घेतलं. पान दोनवर तुमची खूण आहे, पान तीनवर आहे, पान सहावर आहे, "इथे थांबायचं. अलीकडे किती, पलीकडे किती, मुलांना बोटं वापरू द्यावीत." पान सातपासून काही नाही. कोरं. आधी मला वाटलं, खुणा पुसल्या गेल्या. मग शेवटच्या खुणेखालची तारीख बघितली. तुम्ही तारीख घालायचात. तो बदलीच्या आदल्या दिवसाचा गुरुवार आहे.

मी पान सहाच्या पुढे गेलेले नाही. पुढची गोष्ट मी वाचली आहे, उत्तरही मला येतं. पण कुठे थांबायचं ते मला कळत नाही, खरंच नाही कळत. मी कुठेही थांबले तरी चुकीच्या जागी थांबेन. तेजस्वी रोज विचारते, "बाई, शेळ्यांचं काय झालं?" चार शेळ्या पलीकडे गेल्या आहेत, पाच अलीकडे आहेत, आणि होडी मधे आहे.

३१ तारखेला शुक्रवार आहे. मी निरोप समारंभ नको म्हणून सांगितलं आहे. सतरा मुलं दहा वाजता वर्गात बसलेली असतील, कोकिळाबाई त्यांच्याजवळ थांबेल. पुस्तक टेबलावर असेल, शेजारी टोक काढलेली पेन्सिल. तुम्ही याल तर पान सातपासून तुम्ही वाचा. हफ्सा तुम्हाला धक्क्यावरून रिक्षाने शाळेपर्यंत आणेल, मी तिच्याशी बोलले आहे.

माझं तोंड बघायची तुमची इच्छा नसेल, हे मी धरून चालले आहे. म्हणून त्या दिवशी मी शाळेत नसेन. हजेरी आदल्या दिवशी काळूराम सरांच्या परवानगीने लावून ठेवते, नोकरीतला शेवटचा दिवस, कोण विचारतंय. मी सकाळपासून दिघीच्या धक्क्यावर बसेन, हमीदभाई गेले तेव्हा थांबले होते तिथेच, तिकिटाच्या खिडकीशेजारच्या बाकावर. तुम्ही फेरीतून उतराल तेव्हा माझ्याकडे बघू नका, सरळ पुढे निघून जा. चालेल मला. मुलांपर्यंत पोहोचा.

आणि नाहीच आलात, तर संध्याकाळच्या फेरीने ट्रंक घेऊन मी तुमच्याकडे येते. दारात ठेवून परत फिरेन. या वेळी चढेन मी फेरीत.

अलीकडच्या काठावरची,
सुचिता